आहेराच्या साडीचा कॉड सेट

आमच्या भागात आहेराची साडी कुणी नेसत न्हाई. ती फिरती. घनसावंगीच्या लग्नात आलेली साडी वडीगोद्रीत येऊन पेटीत पडती, तिथून जाफराबादच्या बारशाला जाती, आन् एखादीचं ध्यान चुकलं की जिथून निघाली त्याच घरात परत जाऊन पोचती. मंग ती घरवाली चारचौघींत घडी मोडून बघती आन् म्हणती, "अगं बाई, ही तर मीच दिल्ती!" झालं. पुढं सालभर बोलणं बंद. म्हणून माझ्या सासूबाई, आसराबाई, कोणती साडी कुणाकडून आली ते बराबर ध्यानात ठेवत्यात. सकाळी गोळी घेतली का न्हाई हे त्या मला विचारत्यात, पण पेटीतली साडी दाखवली की देणारीचं नाव, गाव आन् त्या लग्नातला वरणभात कसा पातळ व्हता ते सगळं सांगत्यात.

मी मीना. वडीगोद्रीला हायवेच्या कडंला आमचं घर हाय आन् पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन. ब्लाउज, फॉल, पिको हे रोजचं काम. पण पोरी माझ्याकडं येत्यात त्या दुसऱ्याच कामासाठी. मोबाइलमध्ये कुठली तरी पोरगी ढगळ शर्ट आन् तसलीच ढगळ पँट घालून गिरक्या घेत असती, ते दाखवत येत्यात. "काकू, असं." मी तो व्हिडिओ बोटानं थांबवती, मोठा करती, आन् तिच्या तोंडाकडं न बघता काखेची शिवण बघती. सांगू का, फॅशन म्हणजे गळा, बाही आन् उंची. बाकी कापड ते कापडच. मंग मी पोरीला म्हणती, "जा, आईच्या पेटीतली आहेराची साडी आण. जरीची नको, चमकणारी नको. जिला बघून तुझ्या आईनं नाक मुरडलं असंल ती आण."

त्या साडीच्या पदराची पाठ निघती, काठाचे कफ निघत्यात, मधल्या अंगात पँट बसती, आन् उरलेल्या चिंधीचा केसाला लावायचा रबर. खिसा मी न सांगता लावती, मोबाइल पुरा आत जाईल एवढा खोल. आमच्या पोरी जालन्याला, अंबडला कॉलेजात गेल्या की तिथल्या पोरी विचारत्यात, कुठून मागवलं? ह्यातला कॉड सेट तर मला लय हसवतो. कॉड सेट म्हणजे काय, तर वरचं आन् खालचं एकाच कापडाचं. आमच्या लहानपणी वडील एकच तागा आणायचे आन् सगळ्या भावंडांना त्यातलंच शिवायचे. जत्रंत आम्ही चुकलो की कापडावरून सापडायचो. तवा लाज वाटायची, आता त्यालाच फॅशन म्हणत्यात.

आता माझं ऐका. लग्नाच्या आधी माझ्याकडं एक पंजाबी ड्रेस व्हता. फिकट जांभळा, चुन्नीला गोंडे. अंबडला अकरावीला जायचे तवा घालायचे. बसमागं पळता यायचं त्याच्यात, एका ढांगेत पायरी चढता यायची. हळदीच्या आदल्या दिवशी तो धुऊन दोरीवर टाकला तो तिथंच राह्यला. दिवाळीला माहेरी गेले तर आईनं त्याचं पोतेरं केल्तं. ओसरी पुसून राह्यली व्हती त्याच्यानं. बोलून करता काय, सासरी तर साडीच. पण त्या ओल्या ओसरीवर माझ्यानं पाय ठिववला न्हाई, कडंकडंनं आत गेले.

तवापासून साडी. कापूस वेचायला साडी, मशीनवर साडी, दवाखान्यात साडी. मी काही साडीच्या मुळावर उठले न्हाई, साडी चांगलीच असती. नव्या सुना आता ड्रेस घालत्यात, त्यांना कुणी काही म्हणत न्हाई. पण त्या आल्या त्याच ड्रेसमध्ये. माझ्या वयाच्या बाईनं मध्येच सुरू केलं की गाव विचारतं, हिला आताच काय झालं? मंग आपण गावातल्या सगळ्या पोरींना पँटी शिवायच्या आन् स्वतः निऱ्या खोचत बसायचं. ह्याचा मला राग येतो, लय राग येतो. पोरगी नवा सेट घालून आरशापुढं गर्रकन फिरती, तवा मी तोंडात टाचण्या धरून तिच्या पायापाशी बसलेली असती. मला उठून तिच्या जागी उभं राहावंसं वाटतं. एकदाच. तोंडात टाचण्या असल्यावर बोलताबी येत न्हाई.

मागच्या उन्हाळ्यात घनसावंगीला पाव्हण्यात लग्न व्हतं. तिथं आहेरात मला ती साडी मिळाली. मातकट लाल रंग, त्याच्यावर बारीक पांढरी बुट्टी, सुती, जर न्हाई का ढंगाचा काठ न्हाई. बाजूच्या बाया म्हणल्या, "काय बाई, पोतं दिलं तुला." मी हातात घेतली, चिमटीत चुरगाळून बघितली, आन् मला साडी दिसलीच न्हाई. मला सेट दिसला. कॉलरचा ढगळ शर्ट, मनगटापर्यंत बाही, खाली सरळ पँट. आन् त्याच्यात उभी कोण व्हती? मी. मांडवात बसल्या बसल्या मी बोटानं मांडीवर बाहीचा आकार काढायला लागले.

घरी आल्याबरोबर आसराबाईंनी हात पुढं केला. "आण ती साडी. शेजारच्या सगुणाबाईच्या नातीच्या लग्नाला देता येईल."

"आत्याबाई, ही मला पाह्यजे."

"नेसायला? ही?"

"कापायला."

"कुणाच्या पोरीसाठी?"

मी पाणी प्यायला माठाकडं वळले. त्यांनी साडी पेटीत टाकली आन् किल्ली कमरंला खोचली. "मानाची साडी हाय. आली तशी गेली पाह्यजे. कापली की मान तुटतो," म्हणल्या. मंग मी बी कमी न्हाई. भाकरी थापताना परात आपटायला लागले, चहात साखर कमी पडायला लागली. माझ्या पोरीचे, मोनालीचे पप्पा, म्हणजे आमचे मालक, ताटावरून एकदा माझ्याकडं, एकदा आईकडं बघायचे आन् जेवून गुमान शेतात निघून जायचे. दोघींच्या मध्ये पडायचं न्हाई एवढं शहाणपण त्यांच्यात हाय.

एक दिवस आसराबाई पेटी उघडून बसल्या. साडी काढली, उलटी-पालटी केली. "घनसावंगीवाल्यांनी आपल्याला आहेराला शेवटाला पुकारलं ना गं?"

"हां. वाजंत्रीवाले जेवायला बसल्यावर."

"आपला मान ठिवला न्हाई त्यांनी, आपण त्यांच्या साडीचा कशाला ठिवायचा? काप." आन् साडी माझ्या मांडीवर टाकून दिली. माझ्या सासूचा राग मला त्या दिवशी जेवढा गोड लागला तेवढा कधी लागला न्हाई.

कातर घेऊन बसले आन् मंग ध्यानात आलं, मला माझं मापच माहीत न्हाई. गावातल्या निम्म्या बायांची छाती-कंबर मला तोंडपाठ. माझा स्वतःचा ब्लाउज मी कापडावर जुना ब्लाउज ठिवून कापत आलेली. खांद्यापासून घोट्यापर्यंत स्वतःचं माप स्वतःला घेता येत न्हाई, वाकलं की टेप वाकतो. दुपारी घरात आसराबाईंशिवाय दुसरं कुणी न्हाई, आन् त्यांना टेपवरचे आकडे वाचता येत न्हाईत. त्यांनी सुतळी आणली. त्यांच्या काळात शिंपी गावात यायचा तवा असंच सुतळीला गाठी मारून माप द्यायच्या. खांद्याला एक गाठ, छातीला एक, कमरंला एक. मंग गुडघे धरत खाली बसल्या आन् घोट्यापाशी सुतळी लावली.

"ब्लाउजला घोट्यापर्यंतचं माप कशाला लागतंय गं?"

मी भिंतीकडं बघून राह्यले.

"घालून जाणार कुठं?"

"कुठंच न्हाई."

"मंग कशाला?"

"घालायला."

म्हातारी माझा हात धरून उठली आन् सुतळी माझ्या हातात दिली. "कमरंची गाठ जरा ढिली मारलीय. खाऊन-पिऊन घालावं माणसानं," म्हणली आन् बाहेर जाऊन बसली.

तसला सेट मी आयुष्यात कुणाला शिवला न्हाई. पदरावरची दाट बुट्टी बराबर पाठीवर येईल अशी बसवली. कॉलर ताठ राहावी म्हणून आत बकरम घातलं. पँटला पुढून सपाट पट्टी, आत नाडी, दोन्ही बाजूला खोल खिसे. खिशाच्या तोंडाला मी नेहमी तिरकी टीप घालती, म्हणजे ओढून फाटत न्हाई. गिऱ्हाइकांचं काम संध्याकाळी, माझं दुपारी. ऊन एवढं व्हतं की रस्त्यावर कुत्रं दिसत न्हव्हतं, आन् मी मशीनवर बसून गुणगुणत व्हते.

माझी एकुलती एक पोरगी मोनाली बारावीनंतर जालन्याला कॉलेजात गेली, तिथंच हॉस्टेलात राहती. तिच्या अंगावरचं सगळं मी शिवलेलं. खरं तर आहेराच्या साडीवर पहिली कातर मी तिच्यासाठीच लावली. गावात व्हती तवा मशीनच्या खाली बसून अभ्यास करायची, माझ्या पायडलवरच्या पायाला पाठ टेकून. "आई, हल्ली गळा असा नसतो गं," म्हणून शिकवायची मला. जालन्याला गेल्यावर सुरुवातीला रोज फोन. मंग एक दिवसाआड. मंग मी करायचा आन् तिनं म्हणायचं, "आई, नंतर बोलू?" तिचा नंतर काही येत न्हाई. मी तिच्या स्टेटसवर तिला बघती. माझीच बाही, माझाच गळा, आन् बाजूला मला माहीत नसलेल्या पोरी.

सेट झाला त्या दिवशी मीच फोन केला. "मोना, मी माझ्यासाठी कॉड सेट शिवला."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी गं. शनिवारी लेस-अस्तर आणायला जालन्याला येणार हाय ना, तर तोच घालून येती तुझ्याकडं."

ती हळू आवाजात बोलली, बाजूला कुणीतरी असंल. "आई, प्लीज. असं काही करू नको. पोरी काय म्हणतील?"

"पोरींचेच कपडे तर शिवती मी."

"ते पोरींचं झालं. तुला न्हाई शोभायचं ते. तुझं शरीर... म्हणजे तू समजून घे ना. तू आपली साडीतच ये. साडीत चांगली दिसतीस."

तुझं शरीर म्हणून ती थांबली. ते शरीर कुणाला पोटात घेऊन असं झालं ते मी बोलले न्हाई. "बरं," म्हणलं आन् फोन ठिवला. मला वाटल्तं सासू आडवी येईल, गाव आडवं येईल. आडवी आली ती पोटची पोर. त्या दिवशी एकीच्या ब्लाउजला मी दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या लावल्या आन् परत उसवत बसले.

सेट घडी घालून मशीनच्या खणात ठिवला. खण उघडायचा न्हाई असं ठरवलं, आन् दोरा काढायच्या निमित्तानं दर घडीला उघडला. शेवटी शनिवारी सकाळी मी परकराच्या जागी ती पँट चढवली, नाडी आवळली, आन् तिच्यातच साडी खोचली. शर्ट पिशवीत, त्याच्यावर मोनालीसाठी धपाट्यांचा डबा. मालकांचा मोटारसायकलवरचा काळा गॉगल बी टाकला. दारात आसराबाई बसल्या व्हत्या. माझ्या साडीच्या खालच्या कडंकडं बघितलं त्यांनी.

"पोरीला चटणी घेतली का?"

"घेतली."

"आन् दुसरं?"

"दुसरं काय?"

"काही न्हाई. जल्दी जा, बस निघंल."

जालन्याच्या स्टँडवर उतरले, बायकांच्या खोलीत गेले. साडी सोडली, शर्ट चढवला. मंगळसूत्र कॉलरच्या आत, बांगड्या कफाच्या आत. बाहेरच्या गाड्यावरून पांढरा स्टोल घेऊन तोंडाला गुंडाळला. उन्हाळ्यात जालन्यात निम्म्या बाया-पोरी अशाच फिरत्यात, तोंड बांधून नुसते डोळे उघडे, आन् गॉगल लावला की तेबी न्हाई. एवढं जीव लावून शिवलं आन् तोंड लपवून घालायचं, हे मला बी खटकलं. पण वडीगोद्रीची माणसं जालन्याला काही कमी येत न्हाईत. चप्पल तेवढी माझी रोजचीच व्हती.

पहिल्यांदा काय कळलं सांगू? हात. चालताना माझा एक हात कायम निऱ्यांवर आन् एक पदरावर. वीस वर्षं ते दोन्ही हात कामावरच व्हते, हे मला कधी दिसलंच न्हव्हतं. आता ते मोकळे लोंबायला लागले आन् मला कळंना त्यांचं करायचं काय. मंग खिशात घातले. खोल खिसे, गार कापड. मामा चौकात रिक्षा अंगावर आली तर मी ढांग टाकून पळाले आन् पलीकडं जाऊन हसत सुटले. स्टोलच्या आत हसलं तर कुणाला दिसतंय? एका दुकानाच्या काचेत बघितलं. कॉलर मस्त बसली व्हती, डाव्या खांद्याची शिवण जराशी मागं गेल्ती. मंग शिवण सोडून मी त्या बाईला बघितलं. चांगली दिसून राह्यली व्हती हो! जाड न्हाई, म्हातारी न्हाई, चांगली. गॉगलच्या आत मला रडू आलं.

सिंधी बाजारात माझं नेहमीचं लेसचं दुकान हाय. बाहेर उभी राहून लेसचे रीळ बघत व्हते, तेवढ्यात मागून हसणं ऐकलं. ते हसणं मी झोपेतबी ओळखीन. मोनाली. बरोबर दोन मैत्रिणी. मी स्टोल आणखी वर ओढला. ती माझ्या पुढ्यात आली, मी शिवलेल्या हिरव्या कुर्त्यात, आन् माझ्याकडं बघायला लागली. तोंडाकडं न्हाई, शिवणीकडं. मी शिकवलंय तसंच, आधी गळा, मंग बाही, मंग उंची.

"ए, बघ ना," ती मैत्रिणीला म्हणली, "कसला मस्त सेट हाय." आन् मंग मला, "ताई, कुठून घेतला हो हा?"

ताई. माझी पोरगी मला ताई म्हणली. तोंड उघडलं असतं तर एका शब्दात सगळं झालं असतं. मी घशाला हात लावला, मान हलवली, घसा बसलाय म्हणून खूण केली.

"असू द्या, असू द्या," ती हसून म्हणली. मंग पुढं झाली आन् माझ्या बाहीचं कापड दोन बोटांत धरून बघितलं. "सुती हाय गं. ताई, लय भारी दिसून राह्यलंय तुम्हाला. खरंच." आन् मैत्रिणींच्या मागं निघून गेली. मी त्या बाहीवर हात ठिवून उभी राह्यले. लेसवाला आतून विचारत व्हता, काय दाखवू म्हणून, आन् मला लेस कशाला पाह्यजे व्हती तेच आठवंना.

मागं पळून स्टोल काढावा असं वाटलं न्हाई का? वाटलं. तोंडापर्यंत हात गेला व्हता. पण मला माहीत व्हतं, स्टोल सुटला असता की ते 'भारी' तिनं तिथंच परत घेतलं असतं. मैत्रिणींपुढं तिचं तोंड उतरलं असतं. ते उतरलेलं तोंड घेऊन मी बसमध्ये वडीगोद्रीपर्यंत कशी आले असते? त्यापेक्षा ते 'भारी' मला पाह्यजे व्हतं. मी ते घेऊन स्टँडवर परत गेले आन् साडी नेसले.

ठरल्याप्रमाणं चारच्या सुमाराला हॉस्टेलच्या गेटवर गेले. मोनाली पळत आली, गळ्यात पडली. साडी बघून तिचा जीव भांड्यात पडला, मला दिसलं ते. पायात दोन्ही वेळा तीच अंगठ्याची चप्पल व्हती. पण लेकरं आईच्या पायाकडं फक्त सणाला बघत्यात.

"राग आला व्हता का आई तुला, त्या दिवशी?"

"न्हाई गं. तुझं बराबर व्हतं."

डबा उघडून तिनं तिथंच धपाट्याचा तुकडा तोंडात घातला आन् बोलायला लागली. "आई, आज बाजारात एका ताईच्या अंगावर कॉड सेट बघितला. काय सांगू तुला! मातकट लाल, पांढरी बुट्टी, आन् कटिंग तर असं! मला तसाच शिव ना. अगदी तसाच."

शर्ट माझ्या पिशवीत, डबा व्हता त्याच्या खालीच, आन् पँट साडीच्या आत माझ्या अंगावर. मी पिशवी काखंत धरली. "कशी व्हती ती ताई?"

"कशी म्हणजे? तोंड बांधलेलं व्हतं. पण चालणं कसलं ऐटीत व्हतं तिचं. नोकरीवाली असंल."

"मला कसा दिसंल गं तसा?" मी विचारलं. का विचारलं देव जाणे. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

ती खळखळून हसली. वाईट न्हाई हसली, लाडानंच हसली. माझ्या पदरानं स्वतःचं तोंड पुसलं आन् म्हणली, "तू ना आई, एक नंबर हायस. तुझ्या डोक्यातून गेलंच न्हाई का ते अजून? मला शिव गं. शिवशील ना?"

"शिवती."

"कापड मिळंल तसलं?"

"आहेराच्या साड्या काय, सगळ्या एकाच गठ्ठ्यातल्या. मिळंल," म्हणलं.

बसमध्ये खिडकीला बसले. तसलंच कापड शोधलं असतं तर खरंच मिळालं असतं. पण मला दुसरं शोधायचंच न्हव्हतं. ज्या बाहीला तिनं हात लावला तीच बाही तिच्याकडं जावी असं वाटलं. ती आता घरी येती ती पाव्हण्यासारखी, दोन रात्री राहती आन् मोबाइल चार्ज करून जाती. मशीनखाली बसून पायाला पाठ टेकणारी माझी पोरगी मला परत मिळायची न्हाई, हे मला कळतं. निदान माझ्या मापाचं काहीतरी तिच्या अंगाला लागून राहावं. मला तिची एवढी आठवण येती की भेटून येतानाबी येती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनवर बसले. तिच्या जुन्या कुर्त्यावरून माप घेतलं. उंचीला ती माझ्यापेक्षा बोटभर जास्त, तर पँटची खालची दुमड सोडली. अंगानं ती माझ्या निम्मी, तर शर्ट दोन्ही बाजूंनी आत घेतला, पँट कमरंपासून मांडीपर्यंत आत घेतली. नवी टीप घातली आन् सेट उलटा करून बघितला. आत दोन्ही बाजूला चांगलं तीन-तीन बोटं कापड राह्यलं व्हतं. पोरींच्या कपड्यांना एवढं ठेवत न्हाई मी कधी, कातरून टाकती आन् ओव्हरलॉक मारती.

आसराबाई समोर येऊन बसल्या. त्यांनी सेट हातात घेतला, आतली दुमड चाचपली. काही विचारलं न्हाई, कुणासाठी बारीक केला म्हणून. सुतळी अजून मशीनच्या खणातच पडली व्हती, गाठींसकट, ती त्यांना दिसली.

"एवढं कापड आत कशाला ठिवलंस गं?" म्हणल्या. "कातर लाव की. पोरीला आतून टोचंल."

मी त्यांच्या हातातून सेट घेतला, सुलटा केला, घडी घातली.

"टोचू द्या थोडं," म्हणलं.